गालावरची तीट

चि. सौ. मारिसेल हिला मिरकरवाड्याहून सासूचा आशीर्वाद.

तुला मराठी वाचता येत नाही आणि मी हे पाठवणारही नाही, म्हणून मोकळेपणी लिहितेय.

नातीच्या पासपोर्टचा फोटो मनिलाच्या कचेरीनं परत केला, गालावर काळा डाग आहे म्हणून. बाप भारतीय, आई फिलिपिनो, कागद आधीच दुप्पट. आता गणपतीला येणं अवघडच. दीपेश फोनवर तणतणला, "आये, हिला तीट लावायला कोणी सांगितलं गो?"

"मी!" म्हटलं. व्हिडिओ कॉलवर नुसतं गालाला बोट लावून दाखवलं होतं. परक्या मुलखातली सून ऐकेल, असं वाटलं नव्हतं.

नव्या फोटोला गाल पूस. कचेरीबाहेर पडलीस की परत लाव. आणि तो नापास फोटो माझ्यासाठी ठेव. त्यातच ती आपल्या घरची दिसते.

तुझी आये