दाराचं तोंड

बाबा, माझ्या हातानं झालेल्या वस्तू आधी सांगतो, म्हणजे कोण बोलून राह्यला ते तुमच्या ध्यानात येईल. सिमेंटच्या रिंगा ओतायचा लोखंडी साचा, दोन फाकांचा, बिजागरी लावलेला. पत्रा मी वाकवला, वेल्डिंगही माझीच. संडासाच्या सीटचा साचा, तो सातव्या खेपेला जमला, आधीचे सहा मीच फोडले. सीटखालचा मुर्गा, म्हणजे ती वाकडी मान, जिच्यात बोटभर पाणी थांबतं आणि खड्ड्याचा वास वर येऊ देत नाही. एका तांब्यात मैला पुढं सरकला पाहिजे, दुसरा तांब्या लागला तर तो माल मी विकत नाही. खड्ड्यावरची झाकणं, ज्यांच्यावर बैल उभा करून पाहिला आहे. जुन्या स्कूटरची चाकं लावलेली हातगाडी. वारासिवनी रस्त्यावरच्या यार्डाची पाटी, मराठीत आणि हिंदीत, दोन्हींतली अक्षरं माझी. आणि कटंगीच्या आठवडी बाजारातली माझी जागा. तिलाही मी हातानं केलेली वस्तूच म्हणतो. त्या बाजारात मिरची होती, दोर होते, नांगराचे फाळ होते, कोंबड्या होत्या. संडास विकायला नव्हता.

तुम्हाला हे शेवटचंच आवडलं नसतं. आवडलं नव्हतंच. बालाघाटच्या घरातलं आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. आई पोळ्या लाटतेय, तुम्ही पाटावर, मी दारात, कोपरापर्यंत सिमेंट वाळलेलं. तुम्ही विचारता, "एका सीटचे किती घेतोस?" मी सांगतो. तुमचा घास ताटात परत जातो. "ज्याच्या अंगावर धड कापड नाही, त्याच्याकडून हगायचे पैसे घेतोस? सरकार फुकट देऊन राह्यलं ना!" आई म्हणते, "अहो, जेवताना त्याचं नाव काहून घेता?" आणि तुम्ही म्हणता, "मी नुसतं नाव घेतलं. तुझा मुलगा त्याचंच खाऊन राह्यला."

हसूही आलं होतं मला, खरं सांगतो. पण त्या दिवशी मी जेवलो नाही.

तुम्ही आरोग्य खात्याची नोकरी सायकलवर केली. विहिरींत पावडर टाकली, गोळ्या वाटल्या, गावात लोक तुम्हाला डॉक्टर साहेब म्हणायचे आणि तुम्ही कुणाकडे चहासुद्धा घेत नव्हता. त्याच सायकलीमागं फिरणाऱ्या गाडीतून तुमच्या खात्यानं सीटा वाटल्या, फुकट. पुढच्या उन्हाळ्यात मी त्या गावांतून हिंडलो. एका सीटमध्ये कोंबड्यांना पाणी ठेवलं होतं. एक सीट न्हाणीबाहेर पाय धुवायला होती, उलटी. तुमची वाट तीच होती, बाबा, तुम्हालाही दिसलं असणार. घरी तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. मला मात्र दुकानदार म्हणालात, आणि तो शब्द असा उच्चारला की शिवी परवडली असती.

हौ, दुकानदार. आज मी तो शब्द पाटीवर लिहिला आहे.

सोपं गेलं असं समजू नका. कितीतरी बाजार मी भरली हातगाडी तशीच परत आणली. शेजारी कोंबड्या विकणारी एक मावशी बसायची. ती दर बाजारी संध्याकाळी टोपली झटकताना विचारायची, "काहो भाऊ, विकला का आज तरी तुमचा मुर्गा? माझे तं सारे गेले."

"तुमचा एका दिवसात संपते मावशी. माझा वीस वर्षं बसून राह्यते."

"मंग कापून दाखवा ना! माझ्यापाशी गिऱ्हाईक कापल्याबिगर घेते काय?"

ती थट्टा करत होती. मी घरी येऊन मुर्गा करवतीनं उभा कापला, कापल्या बाजूला काच बसवली, आणि पुढच्या बाजारात त्यात तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. पाणी वळतं कसं, थांबतं कुठं, वास अडतो कुठं, सगळं डोळ्यांना दिसलं. माणसं जमली. मागं बायका जमल्या. मावशी ओरडली, "पाहा, भाऊच्या मुर्ग्याले पाणी पाजून राह्यले!" त्या दिवशी बाजारात पहिली सीट विकली गेली; त्याआधी एखाददुसरी गेली ती यार्डातून, ओळखीच्यांना. तुम्ही तेव्हा नव्हता. तुम्हाला जाऊन तीन पावसाळे झाले होते.

पण धंदा मला शिकवला तो दुसऱ्याच एका बाईनं. कटंगीजवळच्या एका गावात तिनं मला घरी बोलावलं. पाहतो तर अंगणात सरकारी योजनेतला संडास उभा, रंगसुद्धा उडालेला नाही. आत छतापर्यंत गोवऱ्या रचलेल्या. मी म्हटलं, "बाई, हा आहे की. वापरत काहून नाही?"

"दार पाहा ना भाऊ कुठं हाय ते."

दार सडकेकडं होतं. त्या गावातली सगळी दारं सडकेकडंच होती, कारण सरकारला दाखवायच्या फोटोत दार आणि घरमालक दोन्ही यावी लागत. आणि सडकेकडच्या वट्ट्यावर तिचा सासरा बसलेला.

"दिवसभर तिथंच बसून राह्यते बुढा. त्याच्या समोरून डबा घेऊन जाऊ काय मी? त्यापरीस नाल्यावर गेलेलं बरं."

नवा संडास तिला घरामागच्या बाडीत, परसात हवा होता, दार बाडीकडं. सासरा वट्ट्यावरूनच गरजला, "सडकेकडं ठेव दार! लोकायले दिसलं पायजे!" ती त्याच्याशी थेट बोलत नव्हती, डोक्यावर पदर ओढून माझ्याकडं पाहत म्हणाली, "भाऊ, त्याईले सांगा, दोन बकऱ्या मी इकल्या. पैसा माझ्या बकरीचा हाय, तं दार मी म्हणीन तिकडं राहीन."

मी सांगितलं. दार बाडीकडं बसलं.

बाबा, तुम्ही ज्याला पाप म्हणत होता ते हे आहे. फुकट घेणाऱ्याला दार फिरवता येत नाही. तो फार तर तुम्हाला हात जोडतो. माझ्याशी लोक भांडतात. झाकणाला तडा गेला तर यार्डात येऊन चारचौघांत माझी लाज काढतात, आणि मी झाकण बदलून देतो, कारण त्यांनी ते विकत घेतलेलं आहे आणि पुढच्या बाजारी मला तिथंच बसायचं आहे. तुमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत तुमच्याशी कुणी एकदा तरी भांडलं का?

तुमचा एक प्रश्न मात्र मला अजून टोचतो. ज्याच्याकडं बकरीही नाही, त्याचं काय? मी तुकड्यांत विकतो. खड्डा घरच्यांनी खणायचा, आधी रिंगा आणि सीट न्यायची, आडोसा बांबूच्या तट्ट्यांचा, भिंत पुढं जमेल तेव्हा. तरीही एका गावाच्या टोकाला एक म्हातारं जोडपं होतं, त्यांना तेवढंही जमलं नाही. त्यांना मी दिलं, तुमच्यासारखं, फुकट. पण आधी विचारलं, दार कुठं? म्हातारा बराच वेळ अंगणात फिरला आणि म्हणाला, "लिंबाकडं ठेवा. सकाळची हवा येते तिकडून." म्हणजे देतानाही विचारता येतं. हे मी तुमच्याकडून शिकलो असं म्हणणार नाही. तुम्ही विचारत नव्हता.

आता या हिवाळ्यातलं. एक मोठा ठेकेदार पांढऱ्या गाडीतून यार्डात आला. या बाजूच्या गावांत फुकट संडास बांधायचं काम त्याच्या हाती येणार आहे. त्यानं रिंगांवर हात फिरवला, टिचकी मारून आवाज ऐकला. माल कळणारा माणूस होता. म्हणाला, "भाईसाब, सांचे, यार्ड, सब हम ले लेंगे. आप भी हमारे साथ. बस, बाजार में बैठना बंद."

मी विचारलं, "दरवाजा किधर रहेगा?"

"रोड साइड. फोटो में आना चाहिए ना."

"घरवालों से पूछोगे?"

तो मनापासून हसला. "फ्री में मिल रहा है, पूछना क्या?"

तुम्ही तिथं असता तर म्हणाला असता, घे, लोकांचं भलं होईल. मी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणालो. गाडीत बसताना त्यानं काच खाली केली, "सोच लो. फ्री का माल आया तो आपसे कौन खरीदेगा?" हे त्याचं म्हणणं खोटं नाही. त्याला दुसरा साचेवाला मिळेल, आणि एकदा गावात फुकट माल उतरला की माझं यार्ड वर्षभरही टिकणार नाही, कदाचित. मला ते ठाऊक असूनही मी नाही म्हणालो, आणि उद्या परत आला तरी नाहीच म्हणेन.

हे लिहिलेलं यार्डातल्या टेबलाच्या खणात राहील, साच्यांच्या चाव्यांखाली. तिथं घरचं कुणी हात घालत नाही. तसंच ठेवायला हवं. त्या ठेकेदारानं साच्यांचे आणि यार्डाचे मिळून साडेअकरा लाख रोख देऊ केले होते. घरी मी दीड लाख सांगितले आहेत.