उजव्या हाताची रेल्वे

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार सध्या एकाच हाताचा आहे, गोड मानून घे. मी सांगतोय आणि सूनबाई लिहितेय, तेव्हा सुबक अक्षर बघून धाकटा सुधारला असं समजू नकोस.

अर्धांगाच्या झटक्याला चार महिने झाले. पाय चालतो, जीभ नको तितकी चालते, पण उजवा हात अजून रुसून बसलाय. मुलगा म्हणतो, कात्री धरवत नाही तर दुकान अडवून कशाला ठेवायचं? वाईट हेतू नाही गं त्याचा. पण चाळीस वर्षं ज्या टेबलावर लोकांचे कोट कापले ते टेबल विकायचं म्हटलं की मी ताटावरून उठतो.

हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी रोज सकाळी तासभर माऊस चालवायला सांगितलाय. सूनबाईने कॉम्प्युटरवर रेल्वे बांधायचा खेळ टाकून दिला. त्यातला एक डाव असा, की डोंगराच्या अलीकडे खाण, पलीकडे बंदर, आणि वीस वर्षांत तीनशे वाघिणी, म्हणजे तीनशे मालडबे भरून कोळसा बंदरात पोचवायचा. खेळातली वीस वर्षं म्हणजे आपले आठ-दहा दिवस. मी मुलाला ठणकावून सांगितलं, मार्च संपायच्या आत हा डाव एकट्या उजव्या हाताने जिंकतो, मग दुकान चालू राहणार. तोवर किल्ली तुझ्याकडे, हरलो तर ती तुझीच. तो हो म्हणाला.

दोनदा सपाटून हरलो. मी कापड वाया घालवत नाही, तसे रूळही घालवले नाहीत. खाणीपासून बंदरापर्यंत पट्टी लावून रेघ मारावी तशी सरळ लाइन टाकली, डोंगरावरून. तरी ऐंशीच्या वर वाघिणी जात नाहीत. तू जन्मभर रेल्वेत गाड्यांची वेळापत्रकं आखलीस, काहीतरी सांग.

लोभ असावा, हसू नसावं.
तुझा धाकटा

२० जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक कान पिरगाळून.

अरे शहाण्या, डोंगर म्हणजे काय कापडाचा तागा आहे, पट्टी लावून कापायला? भरलेली गाडी चढावर चढताना इंजिनाचा जीव जातो. एक गाडी रखडली की मागच्या सगळ्या रखडतात. डोंगराला वळसा घाल, नदीच्या काठाने जा. रूळ दुप्पट लागू देत, गाडी निम्म्या वेळात पोचेल. आणि एकेरी लाइनवर समोरासमोर आलेल्या गाड्यांना एकमेकींना वाट द्यायला मध्येमध्ये बाजूचे रूळ ठेव. सगळा पैसा पहिल्याच वर्षी इंजिनांवर उधळू नकोस. आधी दोनच गाड्या, त्या सुरळीत चालल्या की तिसरी.

मुलावर चिडू नकोस. तो घाबरलाय, दुसरं काही नाही. मीही घाबरले होते, पण मी थोरली, मला दाखवता येत नाही. पुढचं पत्र सूनबाईकडून नको, स्वतःच्या हाताने लिही. डाव्या हाताने लिहिलंस तरी चालेल.

तब्येत आणि चिकाटी दोन्ही सांभाळ.
तुझी ताई

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हे डाव्या हाताचं अक्षर आहे, कोंबडीचे पाय समजून वाच.

तुझ्या वळशाने कमाल केली. नदीकाठची लाइन धरल्यावर एकशे नव्वद, मग अडीचशे. फेब्रुवारीभर बाकी काही सुचलंच नाही. बोटं दुखायची, शेकायची आणि परत बसायचं. काल शेवटचं वर्ष, दोनशे ब्याण्णव वाघिणी पोचलेल्या, अन् पुलावरच्या एकेरी लाइनवर दोन गाड्या आमनेसामने. एक बाजूला घ्यायला क्षणभरच वेळ उरला होता. उजव्या हाताला नेमका तेव्हाच पेटका आला. आणि ताई, माझा डावा हात आपणहून पुढे गेला आणि त्याने सिग्नल दाबला.

गाडी सुटली. तीनशे झाल्या. पडद्यावर रोषणाई. सूनबाई धावत आली, मुलाने किल्ली माझ्या खिशात घातली, खांदा थोपटला. डाव्या हाताचं कुणीही पाहिलं नाही. मी जेवलो, हसलोही. पण किल्ली खिशात टोचतेय. आता सांगितलं तर दुकान जाईल. तू काय म्हणतेस?

तुझाच, पण आज जरा लाजलेला
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. या वेळी कान पिळत नाही.

मी काय म्हणते ते तुला ठाऊक आहे, नाहीतर तू मला लिहिलंच नसतंस. किल्ली परत दे. मुलाला खरं सांग. महिना संपायला तीन आठवडे आहेत, एक अख्खा डाव होतो आणि वर दम खायला वेळ उरतो.

आता नीट ऐक. शेवटच्या क्षणी धावपळ करावी लागली म्हणजे आखणी आधीच चुकली होती. आमच्या ऑफिसात ऐनवेळी घाईघाईने गाडी सोडणाऱ्याचं कौतुक होत नसे, त्याला खुलासा द्यावा लागे. पूल गर्दीची जागा आहे हे तुला खेळातल्या दहाव्या वर्षीच दिसलं असणार. तिथे तेव्हाच दुसरी लाइन टाक. तू शिवणीत जास्तीचं कापड आत सोडतोस ना, पुढे अंग भरलं तर उसवून सैल करायला? तसंच रुळांचं कर.

सोबत गरम कापड पाठवतेय, निळं, माझ्या कोटाचं. दुसरा तुकडा दुकानदाराकडे उरला नाही, तेव्हा चुकायचं नाही. कापड दुसऱ्या कुणाकडे टाकायचा माझा विचार नाही.
तुझी ताई

२८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार दोन्ही हातांचा. आणि हे अक्षर उजव्याचं आहे. वाचता आलं नाही तरी बघून घे.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मुलाला सांगितलं. त्याने हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाला की हे त्याला कधीच कळलं नसतं. मी म्हणालो, म्हणूनच सांगतोय. त्याने किल्ली घेतली आणि मी पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. डाव्या हाताचा भरवसा उडाला होता, म्हणून रोज खेळायला बसताना सूनबाईकडून डाव्या बाहीचं टोक सदऱ्याच्या कडेला कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यायचो. पहिल्या दिवशी ती हसून हसून बेजार झाली. नंतर न सांगता सुई घेऊन यायची.

आठव्या वर्षीच पुलावर दुसरी लाइन टाकली. गाड्या तीनच ठेवल्या, पण एकही थांबली नाही. आज सकाळी, दोन वर्षं शिल्लक असताना, शेवटची गाडी बंदरात शिरली तेव्हा मला काहीच करायचं नव्हतं. उजवा हात माऊसवर नुसता पडून होता. मुलगा दारात उभा राहून बघत होता.

सूनबाई टाके उसवायला आली. मी नको म्हणालो. दुकानातली मोठी कात्री मागवली, उजव्या हातात धरली आणि टाके एकेक करून कापले. अकरा होते. चौथ्याला कात्री निसटली, उचलली, परत धरली. सदऱ्याला कुठे चीर गेली नाही. मुलाने किल्ली माऊसशेजारी ठेवली आणि तोंड फिरवून नाक पुसलं.

निळं कापड दुकानातल्या टेबलावर पसरलंय. माझ्याकडे तुझी मापं आहेत ती दहा वर्षांपूर्वीची. खांदा, छाती, बाही नव्याने घेऊन कळव, आणि वजन वाढलं असेल तर लपवू नकोस. सोमवारी दुकान उघडतोय, पहिला कोट तुझाच.

तुझा
धाकटा