भाजीचं पाणी

१४ ऑगस्ट १९६१

साडेपाच! कल्पनाच्या अंगात रक्त साडेपाच. बारा हवं. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी पोरीला उपाशीच ठेवते.

वॉर्डात ठेवून घेतलं. चौदा वर्षांची पोर, खाटेवर दहाची दिसते. डोळे पिवळे, गुडघे सुजलेले. भेटायची वेळ चार ते सहा. घरी आले तर एवढीशी खोली, पण केवढी मोठी वाटली.

१७ ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंचं नाव वसुमती. आपल्याच, मराठी, पण सात पिढ्या इथं कानडी मुलखात राहिलेल्या. "अक्का, स्वल्प बसा," म्हणाल्या. मग सगळं नीट सांगितलं. कल्पनाच्या रक्तातले कण विळ्यासारखे वाकतात. वाकले की अडकतात, म्हणून हाडं दुखतात. आणि लवकर मोडतात. शरीर बिचारं सारखं नवं रक्त करत बसतं, पण त्याला सामान पुरत नाही. कागदाच्या पाठीवर त्यांनी तो कण काढून दाखवला. कल्पना म्हणाली, "चंद्रकोर छान काढता हो!" बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

लोखंडाचं टॉनिक बंद. हिला लोखंड कमी नाहीच म्हणे— मोडलेल्या रक्तातलं अंगातच राहतं. दोन वर्षं चमच्या-चमच्यानं पाजलं मी! पोरीचे दात काळे केले. आता रोज एक पिवळी गोळी, फॉलिकची. पालेभाजीत असतं तेच.

म्हटलं, आमच्याकडे पालेभाजी तर रोज असते.

२१ ऑगस्ट

आज बाईंनी विचारलं, भाजी करता कशी?

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. नागपूर सोडून इथं आलो तेव्हा शेजारच्या गंगव्वानं बस्सारू शिकवलं होतं. पाला आणि डाळ भरपूर पाण्यात शिजवायची, पाणी निथळून घ्यायचं. पाण्याचं सारू, म्हणजे पातळ आमटी, आणि चोथ्याची फोडणीची भाजी. हे होते तोवर सगळे सगळं खायचो. हे गेल्यावर दोघींपुरतंच थोडं करायचं, तेव्हा मी वाटणी केली. भाजी सगळी कल्पनाला. मी आपली पाण्यावर भात कालवून घ्यायची. पोरीच्या तोंडचं काढू नये म्हणून.

बाई हळूच म्हणाल्या, "अक्का, ते सत्त्व पाण्यात उतरतं."

सहा वर्षं! सहा वर्षं मी लेकीचं रक्त पीत होते, आणि वर मला वाटायचं, मी त्याग करते.

गंगव्वाला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. "अगं अक्का, सारू येगळं, भाजी येगळी, खरं ताट एकच असतंय की! तरीच म्हटलं, ही बया पाणी पिऊन गुटगुटीत कशी!" मग मला रडताना बघून तीही रडली.

२२ ऑगस्ट

काही लिहवत नाही.

३० ऑगस्ट

इथल्या मराठी मंडळाच्या लायब्ररीतून आहारावरचं एक पुस्तक आणलं. अडखळत वाचते. पाला आधी धुवावा, मग चिरावा. पाणी कमी. झाकण ठेवावं. फार शिजवू नये. हे असते तर मोठ्यानं वाचून दाखवलं असतं त्यांनी. ह्यांचा आवाज आठवायला बसले तर आता खोकलाच आधी आठवतो.

कल्पनाचं रक्त साडेसहा. गुडघ्याची सूज उतरली.

६ सप्टेंबर

बाई म्हणाल्या, हा आजार आईबाप दोघांकडून यावा लागतो. दोघांना स्वतःला काही होत नाही. मुलांतही सगळ्यांना नाही, चारांत एखाद्याला. मग सहज विचारलं, "आणखी मुलं?"

"नाही."

तसंच म्हणायची जिभेला सवय झाली आहे. खाटेवर कल्पनानं तोंड भिंतीकडे केलं. बाई गेल्यावर म्हणाली, "आई, अलकाचं काय?"

सहा वर्षांत या घरात ते नाव कोणी घेतलं नव्हतं.

७ सप्टेंबर

हे गेले तेव्हा अलका अकरा महिन्यांची. सोयराबाई— माझी नणंद— नागपुराहून आली होती. तिची कूस रिकामी. म्हणाली, "वहिनी, दोघी कशा पोसशील? धाकटी मला दे. पण माझी म्हणून दे. तिला कधी कळता कामा नये. तू तिची मामी." मी हो म्हटलं. अलका माझ्या पदराचं टोक चोखत होती, ते तिच्या मुठीतून सोडवावं लागलं.

एक फोटो आला होता, तीन वर्षांमागे. त्यात ती उन्हानं डोळे मिटून उभी आहे. डोळे कसे आहेत, मला माहीत नाही.

१० सप्टेंबर

पत्राचे तीन कागद फाडले. तिन्हींत शेवटी हातानं आपोआप 'आई' लिहिलं.

चौथ्यात जमलं. अलकाचं रक्त तपासून घ्या, उशीर नको. अंग दुखतं का, डोळे पिवळे होतात का, पाहा. भाजीचं पाणी फेकू नका, तिलाच द्या. डॉक्टरांच्या हुकमाशिवाय लोखंड पाजू नका. खाली लिहिलं— तुझी वहिनी. अलकास मामीचा आशीर्वाद.

'अलकास' लिहिताना पेन थांबलं. केवढी झाली असेल?

२ ऑक्टोबर

कल्पना घरी! आठ झालं. दोघींचं ताट सारखं वाढते. भाजीही, सारूही. "आई, माझ्यावर डोळे वटारून बसू नकोस, गिळते मी!" गंगव्वा दारातून ओरडली, "आता तुजं गाल बसणार बघ, अक्का!"

नागपूरचं काही नाही.

१९ ऑक्टोबर

पोस्टमन वठारात, आमच्या चाळीच्या चौकात, शिरला की मी शिवण खाली ठेवते. तो गंगव्वाकडे वळतो. मी पुन्हा उचलते.

कल्पना म्हणते, पत्र पोचलंच नसेल. मी म्हणते, पोचलं असेल.

४ नोव्हेंबर

असलं लिहू नये. पण दुसरं सांगू कोणाला?

आज राजगिऱ्याची पानं खुडताना मनात आलं— अलकाला असावा हा आजार. थोडासाच. म्हणजे सोयराबाई घाबरेल. म्हणजे वसुमतीबाईंना दाखवायला तिला इथं आणेल. चार ते सहा मी खाटेजवळ बसेन. मामी म्हणून का होईना, घास भरवीन. डोळे बघेन.

आईनं असं मागावं? पानं तशीच टाकली आणि परसात जाऊन उभी राहिले. कल्पना हाक मारत होती.

५ नोव्हेंबर

काल मागितलं ते परत घेतलं. ती धडधाकट असो. मला नाही दिसली तरी असो.

हे लिहिते आहे, पण मन अजून दारातच.

२३ नोव्हेंबर

सोयराबाईचं कार्ड आलं. चार ओळी. मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं. अलकाला काहीही नाही, पळते-खेळते. आता काळजीचं कारण नाही, तेव्हा वहिनी, पुन्हा पत्र पाठवू नये, मुलगी आता वाचू लागली आहे.

वाचू लागली आहे!