किवोचं मुख्यालय, उज्जैन

५ जानेवारी
रोजनिशी एक तारखेपासून लिहिणार होतो. दोनला वही आणायला निघालो, वाटेत मित्र राजस भेटला, तसेच दोघं मांडूला गेलो. तीन-चार तारीख मांडूत. प्रवास म्हणजेही शिक्षणच.
मुख्य बातमी: अलकामावशीच्या भैरवगढी छापाच्या चादरींची वेबसाइट मी करतोय. वीसला तिचं पुण्यात प्रदर्शन, कार्डांवर साइटचा पत्ता छापूनही झाला. बाबांशी करार झालाय: माझ्या साइटवरून वीसला एक जरी चादर विकली गेली तर मी माझ्या मनाचा राजा. नाहीतर एकवीसपासून देवासला, काकांच्या नळाच्या सामानाच्या दुकानात.
साइट किवोमध्ये करणार. वेबसाइट बांधायचं नवंकोरं फ्रेमवर्क. जग अजून जुन्यातच खितपत पडलंय.

८ जानेवारी
पहिलं पान तयार. पापणी लवायच्या आत उघडतं. त्यावर सध्या एकच बटण आहे, पण काय बटण आहे!
मावशीची स्नेहा इंदूरला कंपनीत हेच काम करते. तिने फोनवर विचारलं, किवोत ऑनलाइन पैसे घ्यायची सोय आहे का. म्हटलं, येईल. कधी? आली की. म्हणाली, जुन्या पद्धतीने तीन तासांचं काम आहे, मी करून देऊ का. चांगल्या गोष्टी मागे का पडतात ते आज कळलं. स्नेहासारख्यांमुळे.

११ जानेवारी
पैसे घ्यायचं कसं, ते किवोच्या माहितीत शोधलं. तिथे लिहिलंय, हे पान लवकरच येत आहे. फोरमवर प्रश्न टाकला. किवो वापरणारे जगभरात आम्ही दोनशे बारा जण. एकाचं उत्तर आलं: मीही इथेच अडकलोय, तुला कळलं तर सांग. किती आपुलकीची माणसं.

१४ जानेवारी
संक्रांत. पतंग.

१५ जानेवारी
मान दुखतेय. तरी भैरवगढला फोटो काढायला गेलो. मावशीच्या चादरी उस्मानचाचा छापतात. एका फुलाला तीन लाकडी ठप्पे, प्रत्येक रंगाला एक. हातात जुनेच ठप्पे, आणि फळीवर नवे, काय सुंदर, नुसते पडलेले. त्यांना किवो समजावून सांगितलं आणि विचारलं, तुम्ही नवे का नाही वापरत? हात न थांबवता म्हणाले, "अच्छा तो है बेटा. पर एक टूट गया तो जोड़ का दूसरा कौन बनाएगा, मैं पहले ये पूछता हूँ."
एकंदरीत त्यांना माझं म्हणणं पटलेलं दिसलं. चहाही पाजला.

१७ जानेवारी
किवोची नवी आवृत्ती आली. लगेच टाकली. बटण गेलं. प्रगती म्हटली की हे चालायचंच.

१८ जानेवारी
किवो बनवणाऱ्याने फोरमवर लिहिलं: नोकरी लागली, वेळ नाही, कुणी सांभाळेल का? दोनशे अकरा जण गप्प. मी हात वर केला. नाव, फोन, घरचा पत्ता, सगळं जाहीर टाकलं. दहा मिनिटांत कारभार माझ्याकडे. एका जागतिक फ्रेमवर्कचा प्रमुख झालो. बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, आणि चादर?

२० जानेवारी, सकाळी
मावशीचा पुण्याहून फोन. लोक कार्ड बघून साइट उघडतायत, पांढरं पान दिसतंय. म्हटलं, त्यांना मोबाइल बंद करून चालू करायला सांग.

दुपारी
स्नेहाने पासवर्ड मागितला. दिला. अडीच तासांत तिने जुन्या पद्धतीची साइट त्याच पत्त्यावर चढवली.

संध्याकाळी ७
एकोणीस चादरी गेल्या. बाबांना म्हटलं, बघा, साइटवरून गेल्या की नाही. ते म्हणाले, करार तुझ्या साइटचा होता. आई शर्टाला इस्त्री करतेय. असो. नेट देवासलाही आहे, किवो तिथून चालवेन.
आत्ता बेल वाजली. इंदूरहून कुणी ऋता आलीय, लॅपटॉप छातीशी धरून. दोनशे बारांतली एक. नवी आवृत्ती टाकल्यापासून तिच्या क्लायंटची साइट पांढरी पडलीय, उद्या द्यायची आहे, किवोचे प्रमुख इथेच राहतात ना? बाबा तिला पाणी देत सांगतायत, राहतात, पण सकाळी आठच्या बसने देवासला निघालेत, काय ते आत्ताच विचारून घ्या.