नितेशची प्लेट

३ फेब्रुवारी, सोमवार
आज अमरावतीच्या प्रयोगशाळेत रुजू झालो. तेल्हाऱ्यापासून एस.टी.त उभा होतो, तरी शर्टाची इस्त्री मोडली नाही. काम उंदीरघरात: पिंजरे धुणे, भुसा बदलणे, पाणी भरणे. बारावी अर्धवट सोडलेल्याला हे खूप झालं. प्रणाली मॅडम गाभण उंदरीच्या पोटातल्या पिल्लांचं यकृत काढतात. मसुरीएवढं असतं. त्याच्या पेशी सुट्या करायच्या, रक्ताच्या वेगळ्या काढायच्या, मग मूळपेशी ओळखायच्या. त्यांनाच एक रंग चिकटतो आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकतात. अशा एकाच पेशीपासून यकृताचा तुकडा वाढू शकतो, असं मॅडम म्हणाल्या. ऐकून फार आनंद झाला.

११ फेब्रुवारी, मंगळवार
पेशी वाढवायच्या झाकणाच्या बशा, म्हणजे प्लेटा, नितेश हाताळतो. अंजनगाव सुर्जीचा, शिक्षण माझ्याएवढंच. पण हुडसमोरची खुर्ची त्याची. हुड म्हणजे शुद्ध हवेची काचेची पेटी. तिच्यात प्लेट उघडली की बोलायचं नाही, खोकायचं नाही, नाहीतर पेशी नासतात. हा मास्कखाली तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत बसतो आणि तरी मॅडमनी माझ्यादेखत त्याच्या हाताचं कौतुक केलं. मी पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्यांवरच्या चुका दुरुस्त केल्या, म्हणून तो मला 'शुद्धलेखन' म्हणतो. काहून बे शुद्धलेखन, उंदरायले शाळेत टाकतं का, म्हणाला. झाडणाऱ्या तानुबाई पदरात तोंड घालून हसल्या. मला जेवण गेलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
नितेश जेवायला गेला तेव्हा त्याच्या प्लेटचं झाकण उचललं आणि आत थुंकलो. थोडंसंच. मग टेबल पुसून ठेवलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
प्लेट गढूळ झाली. मॅडमना नितेशच्या खिशात खर्ऱ्याची पुडी सापडली. त्याने आईची शपथ घेतली, रडलाही. मॅडमनी त्याला काढून टाकलं. खुर्ची मला मिळाली. प्लेट फेकायला सांगितली होती, पण दुपारी पाहतो तर पाणी निवळलेलं, पेशी हिरव्यागार. ठेवून घेतली.

१ मार्च, शनिवार
प्लेट मॅडमना दाखवली. एवढ्या जोमाने पेशी कधी वाढल्या नव्हत्या. पण तपासणीत त्या उंदराच्या निघाल्या नाहीत. माणसाच्या निघाल्या. कुणाच्या, ते मॅडमना उमजत नाही. मी बसतो त्या कडेला त्या गोळा होतात. प्लेट फिरवून ठेवली, तरी माझ्याकडेच. मॅडम सकाळी आल्या की आधी तिच्याशी बोलतात. माझ्याकडे बघतही नाहीत.

६ मार्च, गुरुवार
उजव्या बरगडीखाली पोकळ वाटतं. सोनोग्राफी केली. डॉक्टरांनी विचारलं, यकृताचा तुकडा कुणाला दिलात, ऑपरेशन कधी झालं. मी शर्ट वर केला. टाका नाही, व्रण नाही. डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफी केली.

१० मार्च, सोमवार
प्लेटमध्ये बोटाच्या पेराएवढा तुकडा. तपकिरी, ओला. मॅडमना सांगितलं, तो माझा आहे. त्यांना वाटलं मी श्रेय मागतो. म्हणाल्या, प्लेट नितेशची होती, नासलीच नव्हती, उगाच काढलं त्याला. उद्यापासून तोच पाहील. तानुबाई म्हणाल्या, पिवळा पडून राहिला बापू तू, घरी जाय. घरी कसा जाऊ — ती इथे —

११ मार्च, मंगळवार
नितेश आला. खांद्यावर हात ठेवला. म्हणे, झालं ते जाऊ दे शुद्धलेखन, तू आराम कर, मी पाहतो तिले. मी पाहतो — तो.

हात धुवायला गेला आहे. डाव्या हातात पेशी मारायच्या ब्लीचची बाटली, उजव्याने लिहितो. काय होईल ते माहीत आहे. पण त्याच्या हातात — नाही.

प्लेटचं झाकण काढलं. एक थेंब. कडेला.

आई गं — बरगडीखाली —

नळ बंद झाला. येतो आहे. त्याला नाही मिळणार. बाटली पालथी क