सावलीचं माप

३ मार्च
आले एकदाची पुलावर! डांबर नवंकोरं, मधोमध उंच खांब आणि त्यावरून दोन्हीकडे ताणलेल्या मनगटाएवढ्या केबली. त्यांचा ताण तपासायचा, हे माझं काम. मुकादम सावूकाका म्हणाले, पोरी, वाऱ्यानं उडशील, खिशात दगड घाल. मी म्हटलं, दगड कशाला, तुम्हीच बसा की! सगळे फिदीफिदी हसले. मग कमरपट्ट्याचं माप म्हणून काकांनी सुतळीनं माझी सावलीच मोजली. बांधकाम टिकावं म्हणून जुने गवंडी अशी सुतळी त्याच्या पायात पुरतात, ज्याची सावली तो मरतो, असं आजी सांगायची. म्हाताऱ्यांचे चाळे, दुसरं काय! दुपारी ड्रागोश गरम चोर्ब्याचा, म्हणजे आंबट सुपाचा, डबा घेऊन आला. नवरा असावा तर असा.

७ मार्च
नदीकडची केबल तुटली. चाबकासारखी माझ्यावरच आली. शेजारी काम करणाऱ्या ओप्रेआनं मला ढकललं आणि त्याचा हात खांद्यापासून गेला. डांबरावर पडलेल्या मुठीत पाना तसाच होता. सावू त्याच्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

८ मार्च
केबलीच्या बुडाची पेटी उघडली. आत माझी सुतळी! जाब विचारला, तर मेल्याला लाज नाही. म्हणे, हजारो माणसं जाणार यावरून, एका सावलीचं काय एवढं? तू बाहेरगावची, रडणार कोण?
सुतळी जाळली. संध्याकाळी तो कठड्याशी उभा राहून, डबा न्यायला आलेल्या ड्रागोशकडून सिगारेट पेटवून घेत होता. मी मागून त्याची सावली मोजली. सुतळी जवळजवळ संपलीच. पेटीत टाकली. जशास तसं!

११ मार्च
सावू गेला. केबल सुटून गळ्याभोवती बसली, खांबापर्यंत फरफटत नेलं. धड वर लटकतंय, मुंडकं नदीत. मी हसले. देवा, हसले मी.
पण केबल अजून थरथरतेय — का? मिळालं ना तिला —

सुतळी एवढी का लागली? उन्हं कलली होती. दोघं खेटून उभे होते. सावली एकच पडली होती —

पेटीत कालच काँक्रीट ओतलंय. पहार मोडली. नखं गेली. ड्रागोश फोन उचलत नाही —

पलीकडच्या टोकाला — हातात डबा — मागे फिर म्हणून हात केले, मेल्या, मागे फिर! त्याला वाटलं बोलावतेय. हसतोय. पळत येतोय —
केबल सुट