ओठाखालचा तीळ

४ मार्च

पोचले एकदाची! अंग आंबलंय, पाय सुजलेत, पण जीव कसा हलका झालाय. खोली तिसऱ्या मजल्यावर, दोघींत एक. माझ्या वाट्याला खिडकीखालची कॉट, एक खुंटी आणि कपाटातला खालचा कप्पा. घरी छकुलीच्या खेळण्यांना याहून जास्त जागा आहे. असू दे. खोलीतली दुसरी बाई वयाने मोठी, म्हणून तिला सगळे थोरलीच म्हणतात. मला इथवर आणायची व्यवस्था तिनेच केली. आल्या आल्या तिने चहा दिला आणि चहा गार व्हायच्या आत कामाचंही सांगून टाकलं. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी धुण्याचा कारखाना आहे, उद्यापासून हजर व्हायचं.

छकुली माझ्या धाकट्या बहिणीकडे आहे. निघताना धाकटीला दहादा बजावलं, पोरीच्या डोक्यात दोन भोवरे आहेत, भांग त्यांना चुकवत नागमोडी काढावा लागतो, नाहीतर वेण्या वाकड्या होतात आणि बाईसाहेब शाळेत जायला तयार होत नाहीत. धाकटी म्हणाली, ताई, तू विमानात बस गं, वेण्या मी बघते. ती काय बघणार, तिला जन्मात कधी तो भांग जमलेला नाही. इथे बस्तान बसलं की पोरीला आणायचं. तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

५ मार्च

माझ्याकडे इथे काम करायचा परवाना नाही. म्हणून दुसऱ्या एका बाईचं कार्ड वापरायचं. ती याच कारखान्यात होती, आता कंटाळून घरी परत चाललीय. थोरली म्हणते, घाबरायचं काही कारण नाही, तिथल्या निम्म्या बायका अशाच आहेत. मी त्या बाईला मनातल्या मनात कार्डवाली म्हणायला लागलेय. फोटोतला चेहरा बराचसा माझ्यासारखा आहे, फक्त तिच्या ओठाखाली तीळ आहे. तो रोज सकाळी काजळाने काढून जायचं. आज आरशापुढे बसून काढला तेव्हा नाटकात काम मिळाल्यासारखं वाटलं. माझा पासपोर्ट थोरलीने ठेवायला घेतला. एका खोलीत एकाच तोंडाची दोन नावं सापडली तर दोघीही गोत्यात येऊ, असं तिचं म्हणणं. खरंच आहे ते.

११ मार्च

ओल्या चादरी गरम रुळात सारायच्या. पलीकडून थोरली त्या धरते, मग टोकाला टोक जुळवून दोघींनी घडी घालायची. संध्याकाळपर्यंत खांदे माझे राहत नाहीत. मुकादम मला कार्डवालीच्या नावाने हाक मारतो. पहिल्यांदा मी ढिम्म उभी, तेव्हा थोरलीने असा चिमटा काढला की अजून काळानिळा डाग आहे.

भिंतीवरच्या रेडिओत दिवसभर आमच्यावरच भांडणं चाललेली असतात. एक म्हणतो, बेकायदा आलेल्यांना आजच्या आज हाकला. दुसरा म्हणतो, मग तुमची कामं कोण करणार? आम्ही त्यांच्या चादरींच्या घड्या घालत ऐकतो. अधूनमधून कुणीतरी फिसकन हसतं.

कार्डवालीच्या चपलाही मलाच मिळाल्या. तिच्या टाचेचा खळगा माझ्या टाचेला अगदी नेमका बसतो.

२९ मार्च

आज सुट्टी. छकुलीशी व्हिडिओ कॉल झाला. म्हणाली, आई, तुझ्या तोंडाला काय लागलंय, पूस की. मी पुसलं. अजून आहे म्हणाली, पुन्हा पुसलं. ती खिदळायला लागली, मग मीही.

फोन ठेवून साबण लावला. मग आठवलं की सुट्टी म्हणून आज मी काजळ लावलंच नव्हतं.

१७ एप्रिल

तीळ जात नाही. तेल लावलं, घासणीने घासलं, रक्त आलं. खपली धरली, ती पडली, खाली तीळ तसाच. थोरलीला दाखवला तर म्हणाली, बरं झालं, रोजचा त्रास वाचला. ती चेष्टा करत नव्हती.

मुकादमाच्या हाकेला आता मी आपोआप ओ देते. काल फोनवर धाकटीने ‘ताई’ अशी हाक मारली आणि मी मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणते म्हणून. दमलेय मी. दमल्यावर असं होत असेल.

कार्डवाली गेल्या आठवड्यात गेली म्हणे. मला एकदा तिला बघायचं होतं.

६ मे

बरेच दिवस धाकटी फोन उचलत नव्हती. आज उचलला. मी म्हटलं, अगं मी ताई. ती म्हणाली, ताई तर इथेच बसलीय, मागेच परत आली, आपण कोण बोलताय?

मी ओरडले. तिने ठेवला.

७ मे

व्हिडिओ लावला. छकुलीने घेतला. माझी छकुली! किती उंच झालीय. माझ्याकडे बघून अगदी शहाण्यासारखी म्हणाली, काकू, आईला देऊ का?

तिच्या मागे बसून कुणीतरी वेण्या घालत होतं. चेहरा दिसला नाही, फक्त हात. पोरीने मान वळवली तेव्हा भांग दिसला. नागमोडी, दोन्ही भोवरे चुकवत काढलेला.

८ मे

थोरलीला धरून विचारलं, माझा पासपोर्ट कुठाय? चादरीचं टोक न सोडता तिने सांगितलं, तो कार्डवालीबरोबर गेला. तिलाही घरी जायचं होतंच की. तीसुद्धा माझ्यासारखीच आली होती, त्याच कार्डावर. तिच्या आधीही कुणी होती. ज्या घरचा पासपोर्ट, त्या घरी जायचं, असंच चालत आलंय. नवी कुणी आली की माझाही नंबर लागेल.

मी म्हटलं, मला माझ्या घरी जायचंय. ती म्हणाली, तुझं घर भरलं गं.

९ मे

जिथे जायला इतके दिवस घाबरत होते, तिथे आज आपल्या पायांनी गेले. परदेशी लोकांचे परवाने तपासतात त्या ऑफिसात. म्हटलं, मी बेकायदा आहे. हे कार्ड माझं नाही. मला पकडा, माझ्या घरी पाठवा. हात जोडले.

साहेबाने कार्ड पाहिलं, मला पाहिलं, बोटांचे ठसे घेतले. ठसे जुळले! तो चांगला माणूस होता. पाणी दिलं. म्हणाला, बाई, तुमचं सगळं नियमात आहे, बाहेर कुणी काहीही बडबडो, तुम्हाला इथून कुणी हलवू शकत नाही—

मी रडले तर त्याला वाटलं, आनंदाने.

१४ मे

कामावर. चादरी. स्वतःचं नाव लिहून ठेवावं म्हणून बसले आणि लिहिलं ते कार्डावरचं. खोडलं. पुन्हा तेच—

नाव जाऊ दे. पोर आठवतेय तोवर—

२० मे

नवी मुलगी आली. हसरी आहे. तिला म्हटलं, पासपोर्ट देऊ नकोस. तिने थोरलीकडे पाहिलं. दिला.

मला दोन मुलगे आहेत, असं थोरली सांगते. म्हणजे त्या नव्या मुलीला आहेत. वाट बघतायत म्हणे आईची—

मुलगे नाहीत मला.

२१ मे

तीळ फिका झालाय. भुवईवर व्रण उठतोय. नव्या मुलीला आहे तसा.

लिहून ठेवते. मला मुलगी आहे. तिला दोन भोवरे. दोन. पहिला उजव्या कानाच्या वर, आणि दुसरा—

दुसरा—